आवडलं ना? मग काय आवडलं ते सांगा

वाचनालयात पुस्तक परत करायला आलेल्या माणसाला मागे उभा असलेला सभासद हमखास विचारतो, "कसं आहे हो?" उत्तरंही ठरलेली असतात. "छान आहे." "टाइमपास." "ठीक, एकदा वाचायला हरकत नाही." फारच रंगात आला असेल तर, "एका बैठकीत संपवलं!" विचारणाऱ्याच्या पदरात यातून काही पडत नाही. मग तो पुस्तक उलटसुलट करतो, मलपृष्ठावरचा मजकूर वाचतो, शेवटच्या पानावर चिकटवलेल्या कागदावर तारखांचे शिक्के किती पडलेत ते बघतो आणि त्या शिक्क्यांवर भरवसा ठेवून पुस्तक घरी नेतो.

माझं आवाहन या दोघांपैकी पहिल्याला आहे, म्हणजे पुस्तक वाचून परत करणाऱ्याला. त्यातही रहस्यकथा, भयकथा, ऐतिहासिक कादंबऱ्या, प्रेमाच्या आणि घरगुती कादंबऱ्या, विज्ञानकथा असं सगळं आवडीनं वाचणाऱ्याला. तुमचं मत मोलाचं आहे वगैरे गोड बोलून मी थांबणार नाही. या पुस्तकांना तुमच्याशिवाय दुसरा समीक्षकच नाही, तेव्हा तुम्ही नीट बोला, एवढंच मला सांगायचंय.

नेमाड्यांची 'कोसला' 1963 साली आली. तिच्यावर लेख झाले, चर्चासत्रं झाली, प्रबंध झाले. झालं ते चांगलंच झालं. पण त्या काळात घराघरांत, एसटीत, लोकलमध्ये, गिरणीच्या पाळीवरून आल्यावर माणसं वाचत काय होती? बाबूराव अर्नाळकर. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, मुंबईत चष्म्यांचं दुकान, आणि नावावर हजाराहून अधिक रहस्यकथा. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही मंडळी एका अख्ख्या पिढीला शेजाऱ्यापाजाऱ्यांइतकी ओळखीची होती. त्यांच्यानंतर गोव्याच्या गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा पल्ला गाठला. त्यांच्या कॅप्टन दीपवर जीव टाकणारे वाचक आज आजोबा झालेत. शिवाय सुहास शिरवळकर, नारायण धारप, बाबा कदम, कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे, योगिनी जोगळेकर. या नावांकडे प्रतिष्ठित मासिकांनी आणि विद्यापीठांनी बहुतेक वेळा पाठच फिरवली. अधूनमधून कुणी लेख लिहिला असेल, नाही असं नाही. पण हजार पुस्तकांतली सरस कोणती, बेतलेली कोणती, घाईत उरकलेली कोणती, हे लिहून ठेवण्याच्या फंदात कुणी पडलं नाही.

वाचकांना ते माहीत होतं, पण तेही "झकास!" म्हणून मोकळे झाले. आता नातवानं विचारलं, "आजोबा, अर्नाळकरांचं एकच वाचायचं तर कुठलं वाचू?" तर आजोबांना झुंजारचा रुबाब आठवतो, मुखपृष्ठावरचं पिस्तूल आठवतं, पुस्तकाचं नाव काही आठवत नाही. हलक्या कागदावरची ती पुस्तकं हातोहात फिरून फाटली आणि रद्दीत गेली. मोजकी निवडून पुन्हा छापली गेली. बाकीच्यांबद्दल ज्यांना काही ठाऊक होतं ते वाचक गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांची मतंही गेली. धारपांच्या आणि शिरवळकरांच्या बाबतीत अजून वेळ गेलेली नाही. त्यांचे वाचक हयात आहेत, हुशार आहेत आणि चांगले बडबडे आहेत. फक्त मुद्द्याचं बोलत नाहीत.

न बोलण्याचं एक कारण लाज. चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबरीला वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचणारे कित्येक असत. आजही चारचौघांत "सध्या काय वाचताय?" म्हटलं की माणूस आधी एखादं वजनदार नाव घेतो आणि रहस्यकथेचा उल्लेख आलाच तर "प्रवासात आपलं" अशी पुस्ती जोडतो. मंडळी, हे सोडा. तुम्ही रात्री दोन वाजेपर्यंत दिवा जळत ठेवून जे वाचलंत, त्यात तसं काहीतरी होतं म्हणूनच वाचलंत ना? ते काय होतं, याचा शोध घेण्याची लाज कसली!

काकोडकरांचंच उदाहरण घ्या. त्यांची 'श्यामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकात आली. ती अश्लील आहे अशी तक्रार झाली, खटला उभा राहिला. खालच्या न्यायालयानं लेखकाला सोडलं, उच्च न्यायालयानं दोषी धरून पंचवीस रुपये दंड केला आणि 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती अश्लील नाही असा निकाल दिला. समाजाच्या कल्पना झपाट्यानं बदलताहेत, याचीही दखल न्यायालयानं त्यात घेतली. एका दिवाळी अंकातल्या प्रेमकथेबद्दलचं मत देशाच्या सर्वात वरच्या न्यायालयापर्यंत गेलं, तिथं न्यायमूर्तींनी ती कथा मन लावून वाचली, पात्रांची नावं घेऊन तिच्याबद्दल लिहिलं. "असलं काय वाचायचं" म्हणून त्यांनी ती बाजूला सारली नाही. आपल्याला तेवढीही सवड नसावी?

आता मत द्यायचं म्हणजे काय करायचं, ते बोलू. त्यासाठी समीक्षेची पुस्तकं वाचायची गरज नाही. "अभिव्यक्ती", "आशयघन", "कलात्मक अंतर" हे शब्द तर वापरूच नका. तुमच्या मतात एक जागा दाखवता आली पाहिजे, एवढंच. पुस्तक कुठं पकडतं, कुठं सोडतं. कुठल्या प्रकरणाला तुम्ही ताठ बसलात, कुठली पानं चाळून पुढे गेलात. पुस्तक अर्धवट टाकलं असेल तर तेही सांगा आणि कुठं टाकलं ते सांगा. "शंभर पानं झाली तरी खून होईना, म्हणून ठेवलं" हे अत्यंत उपयोगी मत आहे. ज्याला संथ कथा आवडते तो ते ऐकून उलट पुस्तक घेऊन जाईल.

एक नमुना देतो. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' बहुतेकांनी वाचलेली असते. तिच्याबद्दल विचारलं की डोळे भरून येतात आणि "अप्रतिम!" एवढाच शब्द बाहेर पडतो. त्याऐवजी असं सांगून बघा: या कादंबरीत कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण असे सहा जण आपापल्या तोंडानं गोष्ट सांगतात. ही बांधणी फार छान, एकच प्रसंग दुसऱ्याच्या डोळ्यांनी पुन्हा दिसतो. पण सहाही जण जवळपास एकाच अलंकारिक भाषेत बोलतात. मधलंच पान उघडून दिलं तर कोण बोलतंय ते कधीकधी ओळखू येत नाही. उपमांची रास लागते. सोळाव्या वर्षी ती रास हवीहवीशी वाटते, चाळिशीत थोडी जड जाते. तरी कर्णाची बाजू इतक्या जिवाच्या आकांतानं मांडलेली दुसरी कादंबरी मला माहीत नाही. झालं. चारपाच वाक्यांत ऐकणाऱ्याला कळलं की पुस्तकात काय आहे, सांगणाऱ्याला काय भावलं, काय खटकलं आणि आपल्याला ते झेपेल का. माझं मत तुम्हाला पटलं नसेल तर उत्तमच. तुमच्याकडे आता भांडायला मुद्दा तरी आहे. "अप्रतिम"शी भांडता येत नाही.

याला एक जोड सुचवतो. 'मृत्युंजय' आली 1967 साली. त्याच साली इरावती कर्व्यांचं 'युगान्त' आलं. त्यातला कर्ण वेगळाच आहे. त्याच्या चुका, त्याचा राग, त्याचं मी कोण हे न उमगणं, हे सगळं कर्वेबाई कोरडेपणानं मांडतात. दोन्ही पुस्तकं पाठोपाठ वाचलेल्या वाचकाचं मत ऐकण्यासारखं असतं, कारण त्यानं आपल्या आवडीला स्वतःच आव्हान दिलेलं असतं.

दुसरी गोष्ट: पुस्तक ज्या जातकुळीचं आहे, ती ओळखून बोला. मिसळ मागवायची आणि ती पुरणपोळीसारखी गोड नाही म्हणून कुरकुरायचं, असं पुस्तकांच्या बाबतीत सर्रास चालतं. अर्नाळकरांच्या कथेत अगाथा ख्रिस्तीसारखं कोडं शोधाल तर निराश व्हाल. खुनी कोण याचे धागे वाचकापुढे प्रामाणिकपणे मांडून त्याला चकवायचं, हा ख्रिस्तीचा खेळ. झुंजारची गंमत पाठलागात, वेषांतरात, गुंडांच्या तोंडावर हसत हसत निसटण्यात. तिथं वेग मोजायचा. वेग कमी पडला असेल तर जरूर बोला, पण कोडं नव्हतं म्हणून नाक मुरडू नका.

भयकथेत तर हा फरक फार नाजूक आहे आणि इथं वाचक सगळ्यात आळशी मत देतात: "भीती वाटली" किंवा "नाही वाटली". अहो, कसली भीती? नारायण धारपांची गोष्ट साध्या माणसाच्या साध्या बोलण्यातून सुरू होते. नोकरीपेशाचा माणूस, वारशानं आलेलं किंवा स्वस्तात मिळालेलं घर, बायकोमुलं, बदलीची कागदपत्रं. भाषेत कुठं नक्षी नाही. त्या सपाट भाषेतच एखाद्या खोलीतला गारठा, एखादा वास, बंद दार असं काहीतरी येतं आणि पुढचं संकट बाहेरून, अमानवी जगातून आलेलं असतं. त्याच्याशी दोन हात करायला धारपांच्या समर्थांसारखा कुणी जाणकार लागतो. रत्नाकर मतकरींकडे बहुतेकदा भुताला घराबाहेरून यावं लागत नाही. ते माणसाच्या मनात आधीच बसलेलं असतं: मत्सरात, अपराधात, एकटेपणात. मतकरी नाटककार होते, त्यामुळे पडदा कधी पाडायचा हे त्यांना पक्कं ठाऊक. शेवटच्या ओळीला गोष्ट उलटते. धारप वाचून रात्री मोरीत जायला भीती वाटते, मतकरी वाचून शेजारी झोपलेल्या माणसाची वाटते. ज्याला पहिली भीती हवी त्याच्या हातात दुसरी दिलीत तर तो "यात काय आहे?" म्हणणारच. तेव्हा भीतीची जात सांगा.

जात ओळखायची म्हणजे सूट द्यायची असं मात्र नाही. "रहस्यकथाच ती, तिच्याकडून काय अपेक्षा ठेवायची" हा सूर मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो प्रेमाच्या आवाजात केलेला अपमान आहे. रहस्यकथेनं शब्द दिला की शेवटी उलगडा होईल. मग शेवटच्या चार पानांत कुठला तरी जुळा भाऊ उगवला, तर तो शब्द मोडला, आणि तसं खणखणीत सांगा. ऐतिहासिक कादंबरीनं त्या काळात नेण्याचा शब्द दिलेला असतो. तिच्यातली माणसं आजच्या सभेतल्या पुढाऱ्यासारखी बोलायला लागली की तेही सांगा. विज्ञानकथेचंही तसंच. जयंत नारळीकरांच्या कथांतलं विज्ञान चोख असतं, कल्पना भव्य असते, मराठी वाचकाला ब्रह्मांड दाखवण्याचं काम त्यांनी केलं. पण त्यांची माणसं पुष्कळदा एकमेकांना समजावून सांगण्यासाठीच बोलतात, हेही तितकंच खरं आहे आणि ते म्हटल्यानं नारळीकर लहान होत नाहीत.

नारळीकरांचाच एक किस्सा या विषयाला फार लागू आहे. 1970च्या दशकात मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथा स्पर्धा घेतली. नारळीकरांचं नाव तोवर जगभर झालेलं. त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावानं पाठवली. त्यांच्या नावाची आद्याक्षरं ज. वि. ना., ती उलटी करून घेतलेली. अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून कथा दुसऱ्याच्या हस्ताक्षरात लिहवून घेतली होती. परीक्षकांनी त्या अनोळखी जगतापांना पहिलं बक्षीस दिलं. मत देताना लेखकाचं नाव बाजूला ठेवणं किती अवघड असतं हे त्या मोठ्या माणसाला पुरतं माहीत होतं, म्हणूनच त्यांनी हा खटाटोप केला. आपण वाचक असं नाव झाकू शकत नाही. पण एवढं तर विचारू शकतो: हेच पुस्तक अनोळखी नावानं आलं असतं तर मी इतकं वाखाणलं असतं का? किंवा इतकं झोडपलं असतं का? आवडत्या लेखकाचं चाळिसावं पुस्तक हातात घेताना हा प्रश्न फार कामाला येतो.

ऐतिहासिक कादंबरीबद्दल बोलताना तर जपूनच बोलावं, कारण तिथं मत देता देता डोकी फुटतात. 2025 च्या फेब्रुवारीत 'छावा' हा हिंदी चित्रपट आला आणि सावंतांची 1979 ची कादंबरी पुन्हा एकदा सगळ्यांच्या हातात दिसू लागली. त्याआधी ना. सं. इनामदारांच्या 'राऊ'चं असंच झालं होतं. 'बाजीराव मस्तानी' तिच्यावर बेतलेला. अशा वेळी लोक तीन गोष्टी एकत्र कालवतात: इतिहासात काय घडलं, कादंबरीकारानं काय रचलं आणि दिग्दर्शकानं काय दाखवलं. तुम्ही यातल्या कुणाबद्दल बोलताय ते पहिल्याच वाक्यात सांगा. "सिनेमा आवडला, पुस्तक अजून वाचलं नाही" म्हणण्यात काही कमीपणा नाही. आणि कादंबरी कितीही जीव लावून लिहिलेली असली तरी तिच्यातला संवाद हा पुरावा नव्हे. तो दाखवून कुणाशी वाद घालू नका. विश्वास पाटलांच्या 'पानिपत'नं सदाशिवरावभाऊंकडे बघण्याची हजारो वाचकांची नजर बदलली, हे कादंबरीचं सामर्थ्य. पण ती नजर बरोबर की चूक, हे ठरवायला कागदपत्रांकडेच जावं लागतं.

वाचकानं लेखकाशी किती बरोबरीनं बोलावं, याचा आपल्याकडे एक अस्सल दाखला आहे. रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला नरहर कुरुंदकरांची प्रस्तावना आहे, आणि ती म्हणजे देसाईंना लिहिलेलं दीर्घ पत्र. तिच्यात कौतुकाची फुलं उधळलेली नाहीत. शिवचरित्रातले अवघड प्रश्न एकेक करून पुढे ठेवलेत, आख्यायिका कुठली आणि आधार कुठला हे तपासलंय. आणि देसाईंनी ते पत्र कादंबरीच्या तोंडाशीच छापलं! कुरुंदकरांची विद्वत्ता आपल्याकडे नसेल. पण आवडत्या माणसाला प्रश्न विचारण्याची त्यांची रीत उचलायला विद्वत्ता लागत नाही.

रूपांतराचाही मुद्दा निघतो. कुणीतरी छाती पुढे काढून सांगतो, "धारपांची 'लुचाई' म्हणजे स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'ची कॉपी!" खरं आहे, 'लुचाई' त्यावरच बेतलेली आहे. पण देवलांचा 'झुंझारराव' म्हणजे शेक्सपिअरचा ऑथेल्लो, हे आपण अभिमानानं सांगतो. परक्या मुलखातली गोष्ट आपल्या मातीत आणणं ही मराठीतली जुनी वहिवाट आहे. मूळ लेखकाचं नाव दिलं नसेल तर त्याबद्दल नाराज व्हायचा वाचकाला पूर्ण हक्क आहे, तेही सांगावं. पण तिथं थांबू नये. अमेरिकेतल्या गावातलं भूत मराठी गावात आणताना धारपांनी काय टाकलं, काय नवीन घातलं, ते इथं रुजलं का, हे बघणाऱ्याचं मत खरं कामाचं. 2018 च्या 'तुंबाड' सिनेमाचा प्रवास बघा: नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून, एक धागा धारपांच्या 'आजी' या कथेतून आणि ती कथा पुन्हा किंगच्या एका कथेवरून. (सिनेमातला राक्षस हस्तर 'तुंबाडचे खोत'मध्ये शोधणाऱ्यांना एक सूचना: त्यात राक्षस नाही. खोतांच्या पिढ्या आहेत, आणि त्या पुरेशा आहेत.)

मालिकेतल्या पुस्तकांबद्दल बोलताना एक माहिती न चुकता द्या: सुरुवात कुठून करायची. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. फुरसुंगीचा बनेश फेणे वीस पुस्तकांत सायकल दामटतो आणि शाळकरीच राहतो. कुठलंही पुस्तक आधी उचललं तरी चालतं. धारपांच्या समर्थकथाही सुट्या वाचता येतात. हॅरी पॉटर मात्र चौथ्या भागापासून दिलात तर पोर गोंधळून जाईल. आणि मालिका कुठं थकते तेही सांगा. लांबलेल्या प्रत्येक मालिकेत लेखक दमल्याचं एखादं पुस्तक असतंच, आणि निष्ठावंत वाचकाला ते नेमकं ठाऊक असतं. निष्ठेपायी तो बोलत नाही. बोलला तर नवा वाचक ते पुस्तक पहिलं उचलणार नाही आणि एका वाईट पुस्तकासाठी सगळ्या मालिकेला रामराम ठोकणार नाही.

रहस्य फोडू नका, हे खरं तर सांगायला लागू नये. पण वाचनालयातल्या रहस्यकथांत पहिल्या प्रकरणात वकिलाचं नाव आलं की शेजारी पेन्सिलनं बारीक अक्षरात "हाच!" लिहून ठेवणारे महाभाग अजून आहेत. त्यांना माझा नमस्कार आणि एक विनंती: पेन्सिल घरी ठेवून या. बाकीच्यांनीही "शेवट इतका धक्कादायक आहे की विचारू नका" असं म्हणायचं टाळावं. त्यानं रहस्य फुटत नाही, पण वाचक पहिल्या पानापासून धक्क्याची वाट बघत बसतो आणि धक्का अर्धा वाया जातो.

जुन्या आवडीच्या पुस्तकाची शिफारस करण्याआधी ते पुन्हा एकदा वाचा. चौदाव्या वर्षी ज्याच्यावर जीव ओवाळून टाकला, ते पन्नाशीत हातात घेतलं की काही गोष्टी डोळ्यांत खुपतात. जुन्या रहस्यकथांत संशय आधी घरच्या गड्यावर जातो. बाई एक तर मोहात पाडणारी, नाही तर किंकाळी फोडणारी. काळ्या वर्णाचा, खेडवळ बोलीचा माणूस गुंड ठरायला वेळ लागत नाही. हे दिसलं तर सांगा. सांगून पुस्तक द्या. तेरा वर्षांच्या नातीला "हे वाच, मजा आहे, पण यातल्या बायका बघ कशा आहेत, मग आपण बोलू" असं म्हणून दिलेलं पुस्तक ती जास्त लक्ष देऊन वाचेल.

उलटही होतं, आणि ते जास्त गमतीचं आहे. ज्या कादंबऱ्यांना "बायकांच्या कादंबऱ्या" म्हणून हिणवलं, त्या आज वाचल्या तर त्यांतली भाड्याची घरं, नोकरी करणाऱ्या मुली, हुंड्याची बोलणी, सासरची स्वयंपाकघरं यांतून त्या वेळचा मध्यमवर्ग जसाच्या तसा उभा राहतो. गोष्ट जुनी झाली, तपशील टिकला. हे कुणा प्राध्यापकाच्या आधी तुमच्या आईच्या, मावशीच्या ध्यानात येईल, कारण त्यांनी ती स्वयंपाकघरं पाहिलीत. त्यांना विचारा आणि त्या काय म्हणतात ते लिहून ठेवा.

लिहून कुठं ठेवायचं? जागा पुष्कळ आहेत. बहुतेक वाचनालयांत एक अभिप्राय वही असते. ती उघडून बघा: पाहुण्यांनी इमारतीची स्वच्छता आणि कर्मचाऱ्यांचा विनय वाखाणलेला असतो, पुस्तकाबद्दल एक अक्षर नसतं. महाराष्ट्रातली कित्येक वाचनालयं शंभरी ओलांडून गेलीत; नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, पुणे नगर वाचन मंदिर 1848 चं. इतक्या वर्षांत टेबलाशी सांगितलेली मतं जर वहीत उतरली असती, तर मराठी वाचकाच्या आवडीचा केवढा मोठा दस्तऐवज आज हाताशी असता! ग्रंथपालांनाही विनंती की पुस्तकांसाठी वेगळी वही ठेवा, दोरीला पेन बांधून ठेवा. पुस्तकाच्या पोटात एक कोरा कागद घालून ठेवलात तरी चालेल.

प्रकाशकाला पोस्टकार्ड किंवा ईमेल धाडा. अमुक पुस्तक मिळत नाही, ते का छापावं, हे दोन ओळींत कळवा. सिनेमा निघाला की जुनी पुस्तकं पुन्हा दुकानात येतात, हे शिरवळकरांच्या 'दुनियादारी'च्या वेळी आपण पाहिलं. पण प्रत्येक चांगल्या पुस्तकाच्या नशिबी सिनेमा नसतो. इंदूर-बडोद्यातला किंवा न्यू जर्सीतला मराठी वाचक दुकानात जाऊन पुस्तक चाळू शकत नाही. त्याला तुमच्या चार ओळींवरच पैसे खर्च करायचे असतात. व्हॉट्सॲपवर पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटो टाकून खाली तीन बदाम ठेवण्यापेक्षा त्या चार ओळी टाका.

आणि दुसऱ्याच्या मतावर तुटून पडू नका. "तुला कळलंच नाही" हे वाक्य वाचकांच्या बैठकीतून हद्दपार करा. "तुला कुठं कंटाळा आला?" असं विचारा. माझा अनुभव असा की निम्म्या वेळा त्याच ठिकाणी आपल्यालाही कंटाळा आलेला असतो.

येत्या आठवड्यात तुम्ही जे पुस्तक परत कराल, त्याच्याबद्दल एका कागदावर एवढंच लिहा: कुठल्या प्रकारचं आहे, कुठं पकडलं, कुठं सुटलं, कुणाला द्यावं आणि कुणाला देऊ नये. शेवट सांगू नका. खाली नाव घालायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण तारीख घाला. आणि तो कागद वाचनालयाच्या टेबलावर देऊन मगच दुसरं पुस्तक घ्या.